चित्रातील मांडणी आणि रिकामी जागा

प्राथमिक शाळेत चित्रकलेच्या तासाला शिक्षक फळ्यावर घर किंवा झाड काढून देतात आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. रेषा बरी आली की गुण मिळतात. परंतु ते झाड कागदावर कोठे व केवढे असावे, हा विचार मुलाच्या वाट्याला येतच नाही. वास्तविक चित्राचा आरंभ याच विचारापासून होतो. आकार व कागदावरील जागा यांची हेतुपूर्वक जुळणी म्हणजेच संयोजन होय.

संयोजनातील पहिले तत्त्व प्राधान्याचे. वारली समाजात लग्नप्रसंगी स्त्रिया तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असते व सभोवार नक्षीची चौकट असते. त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम देवीकडेच जाते.

दुसरे तत्त्व लयीचे. याच समाजाच्या तारपानृत्याच्या चित्रांत वादकाभोवती नर्तकांची साखळी वळत जाते. दोन त्रिकोण व काही रेषा यांनी साधलेली मानवाकृती पुनःपुन्हा येते, तरी कंटाळा येत नाही. कारण नजर त्या वळणाबरोबर फिरत राहते. नर्तकांच्या मधली जागा रिकामी सोडलेली असते, म्हणूनच गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृती उठून दिसतात. ही मांडणी भिंतीवरून कागदावर नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री हा किताब मिळाला.

तिसरे तत्त्व समतोलाचे. बैलगाडीत सर्व ओझे मागे लादले तर गाडी उलाळ होते; पुढे लादले तर बैलांच्या मानेवर भार येतो. चित्राचेही तसेच आहे. मात्र समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असणे नव्हे. एका बाजूस मोठे झाड असेल, तर दुसऱ्या बाजूस दूरवर उडणारा एकटा पक्षीही त्याला तोलून धरू शकतो.

ही तत्त्वे व्याख्या पाठ करून समजत नाहीत. मुलांना पाटीवर एक मोठे पान व पाच चिंचोके मांडावयास सांगावे. चिंचोके एकत्र, दूर, रांगेत किंवा वर्तुळात ठेवून प्रत्येक वेळी काय पालटले, ते मुलांनीच सांगावे. यास खर्च काहीच नाही.

एखाद्या मुलाने मोठ्या कागदाच्या कोपऱ्यात लहानसे घर काढले, तर ‘कागद भरून काढ’ असे सांगण्याची घाई करू नये. ते घर माळावर एकटे आहे, हेच कदाचित त्याला दाखवावयाचे असेल. प्रथम त्याला विचारावे. त्याचे उत्तर ऐकून न घेता चित्र चूक ठरविले, तर ते मूल पुढच्या वेळी फळ्याकडे पाहूनच चित्र काढील. आणि स्वतः योजना करण्याची जी शक्ती या तासाला वाढावयाची, तीच खुंटेल.