मैदानामागचं मैदान

१९५७. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना एक प्रश्न सतावत होता: स्टेडियम, तिकीटविक्री, संघाचा कारभार सांभाळणारी माणसं शिकून तयार होणार कुठे? त्यांनी प्राध्यापक जेम्स मेसन यांना तसं पत्र लिहिलं. त्यातूनच १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

आपल्याकडे या वाटेवर ठळक नाव आहे क्रिकेटपटू नीलेश कुलकर्णी यांचं. १९९७ च्या कोलंबो कसोटीत पदार्पणाच्या पहिल्याच चेंडूवर त्यांनी श्रीलंकेच्या अटापट्टूला बाद केलं. पण एकूण ७० षटकं टाकूनही दुसरा बळी मिळाला नाही, लंकेने ९५२ धावा कुटल्या! याच डावखुऱ्या फिरकीपटूने २०१० मध्ये मुंबईत क्रीडा व्यवस्थापनाची संस्था उभी केली. २०२० मध्ये तिला राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार मिळाला.

शिकायचं काय? प्रायोजकांशी करार, प्रक्षेपणाचे हक्क, खेळाशी संबंधित कायदे, हिशेब. आणि सामन्याचा दिवस: फाटकावर तिकिटाचा कोड वाचला जात नाही, मागे रांग वाढतेय, तेवढ्यात पावसाची सर येते. ही घडी बसवायला वर्गाइतकीच इंटर्नशिप लागते, म्हणून प्रवेशाआधी तिचीच चौकशी करावी.

जागतिक फुटबॉल महासंघाचा ‘फिफा मास्टर’ हा अभ्यासक्रम तर तीन देशांत शिकवला जातो: इंग्लंडमध्ये इतिहास, इटलीत व्यवस्थापन, स्वित्झर्लंडमध्ये कायदा.