सुपरचार्जर बसवला, आता कॅम कोणता?

बाजारातला कॅमशाफ्ट घेताना बहुतेकांची नजर आधी लिफ्टवर जाते: व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उचलला जातो. सुपरचार्जर लावलेली गाडी नागपूरच्या रस्त्यावर चालवायची असेल, तर आधी पाहायचा आकडा वेगळाच आहे. तो म्हणजे लोब सेपरेशन, इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या कॅमवरच्या उंचवट्यांमधला) कोन.

क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधीच इनटेक उघडू लागतो. दोन्ही उघडे असतात तो काळ म्हणजे ओव्हरलॅप. साध्या इंजिनात वरच्या आरपीएमला तो उपयोगी पडतो, कारण बाहेर धावणारा धूर ताजी हवा आपल्यामागे ओढून आणतो. सुपरचार्जर मात्र हवा ढकलतोच. इनटेककडे दाब जास्त, एक्झॉस्टकडे कमी. मग पेट्रोल मिसळलेली हवा न जळताच सायलेन्सरची वाट धरते. वर त्या हवेतला ऑक्सिजन पाहून सेन्सर ‘पेट्रोल कमी पडतंय’ असं सांगतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल सोडतो.

दोन्ही लोबचं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकचे २६० अंश आणि सेपरेशन कॅमचे ११० अंश असेल, तर ओव्हरलॅप ४० अंश येतो. सेपरेशन ११५ केलं की तोच ३० वर उतरतो. म्हणून सुपरचार्जरसाठी साधारण ११२ ते ११६ मधला कॅम शोधावा. जास्त हवा जळते म्हणजे बाहेरही जास्त काढावी लागते, त्यामुळे एक्झॉस्टचं ड्युरेशन इनटेकपेक्षा थोडं मोठं चालतं. टर्बोचा कॅम डोळे झाकून घेऊ नये. तिथे धुराच्या वाटेत टर्बाइन आडवी असते आणि गणित बदलतं. ड्युरेशनची तुलना करतानाही जपावं. कुणी व्हॉल्व्ह जरासा हलल्यापासून मोजतं, कुणी तो ०.०५० इंच उचलल्यावर. एकच कॅम दोन कॅटलॉगांत दोन आकड्यांचा दिसतो.

आता आपलं ऊन. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. नवतपात ४५ अंशांची हवा रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरने अर्धा बार दाबली, तर इंटरकूलरआधी ती सहज शंभरीपार जाते, आणि इंजिन नॉकिंग करू लागतं. इनटेक जरा उशिरा मिटवला तर कॉम्प्रेशनचा ताण हलका होतो. माझदाने १९९३मध्ये हीच युक्ती सुपरचार्जरसोबत मिलर सायकलच्या व्ही-६ इंजिनात वापरली. पण ती इंटरकूलरला पर्याय नव्हे.

व्हेरायटी चौकात एसी लावून रांगेत उभं राहायचं असेल, तर आयडलिंगही पाहा. ओव्हरलॅप वाढला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो, आणि बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला तोच लागतो. झोकात गुरगुरणारी गाडी ब्रेकला जड लागते ती अशी. समृद्धी महामार्गावरही कारला कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर. सात हजार आरपीएमला फुलणारा कॅम तिथेही झोपूनच राहील. माझ्या मते अर्ध्याअधिक गाड्यांना कंपनीचा मूळ कॅमच पुरतो.

बदलायचाच ठरला तर स्प्रिंग विसरू नका. ३० मिमीच्या इनटेक व्हॉल्व्हवर अर्ध्या बारचा बूस्ट मागून सुमारे साडेतीन किलोचा रेटा देतो, तेवढी स्प्रिंग अधिक ताठ हवी. जुना कॅम ग्राइंड करून नवा आकार देणं स्वस्त पडतं, पण चिल्ड कास्ट आयर्नमध्ये कडकपणा पृष्ठभागालगतच असतो. फार घासलं की मऊ लोखंड उघडं पडून लोब झिजतो. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स मोटार कंपन्यांसाठी याच धातूचे कॅम ओतते.

कायद्याकडेही पाहा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे मूळ नोंदणीतल्या तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. आरटीओत आधी विचारावं.

कॅम बसवल्यावर डिग्री व्हील लावून टायमिंग तपासा. कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, त्यामुळे बेल्टचा एक दातही महागात पडतो. पिस्टनवर मातीचा गोळा चिकटवून, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा. हेड काढल्यावर गोळ्यावर व्हॉल्व्हचा ठसा दिसेल. तिथे उरलेल्या मातीची जाडी मोजा आणि ती कॅमवाल्याने सांगितलेल्या अंतरापेक्षा कमी भरली तर चावी फिरवू नका.