बाळ झोपेला आलंय, हे रडण्याआधी कसं ओळखायचं?

मांडीवर बाळ झोपलंय म्हणून ऑडिओ बंद ठेवून हे वाचत असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे. आज बोलूया बाळाच्या दिवसाच्या झोपेबद्दल.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. एका अकरा महिन्यांच्या मुलीचा बाबा आहे. घरात तिला आम्ही चिनू म्हणतो. आज जे सांगणार आहे ते मी एका फार वाईट संध्याकाळनंतर शिकलो.

चिनू सहा महिन्यांची झाली, बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली आणि ती ऑफिसला जायला लागली. मी साठवलेली सगळी सुट्टी काढून तीन आठवडे घरी थांबलो. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी अडीचला चिनू झोपून उठली. साडेचारच्या सुमारास खेळता खेळता ती माझ्याकडे बघेनाशी झाली. मला वाटलं कंटाळली, म्हणून दुसरा खुळखुळा आणला. पाचला तिने डोळे चोळले. मी खिडकीत नेऊन कावळे दाखवले. सहाला ती एकदम खिदळायला लागली, हातपाय झाडायला लागली. मी खूश! व्हिडिओ काढून बायकोला पाठवलासुद्धा.

पावणेसातला रडणं सुरू झालं ते थांबेचना. दूध नको, लंगोट कोरडा, ताप नाही. कडेवर घेऊन पाऊण तास फेऱ्या मारल्या. आणि मग एका क्षणी मला जाणवलं की माझ्या हातांची पकड घट्ट झालीये. डोक्यात आलं, हिला गदागदा हलवलं तर गप्प बसेल का? त्या विचारानेच मी घाबरलो. तिला पाळण्यात पाठीवर ठेवलं, दार ओढलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हात थरथरत होते.

तिथूनच साताऱ्याला आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, ती झोपेला कधी आली होती?"

मला उत्तर देता येईना.

झोपेला येणं आणि झोप उडणं

बघा, आपल्या भाषेतच सगळं आहे. बाळ आधी "झोपेला येतं". तेव्हा निजवलं नाही, तर त्याची "झोप उडते". मी रात्री तो सहाचा व्हिडिओ परत पाहिला. चिनूच्या भुवया लाल झाल्या होत्या, नजर तारवटलेली होती. ज्याला मी मस्ती समजलो, ती उडालेली झोप होती.

असं का होतं? आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. चहा-कॉफीतलं कॅफीन याच रसायनाचं काम अडवतं, म्हणून आपल्याला तरतरी येते. बाळाच्या बाबतीत ही ओढ फार लवकर वाढते. आपण सोळा तास सहज जागे राहतो, सहा महिन्यांचं बाळ दोन-अडीच तासांत थकतं. ती वेळ टळली की ते चिडतं किंवा उलट चेकाळतं. रात्रभर एसटीने प्रवास करून घरी आल्यावर अंग मोडलेलं असतं पण डोळा लागत नाही, तसंच काहीसं. फरक एवढाच की आपल्याला ते सांगता येतं, बाळ फक्त रडू शकतं.

खुणा तीन टप्प्यांत येतात

पहिला टप्पा अगदी शांत असतो, म्हणूनच तो हुकतो. बाळ गप्प होतं. तोंड फिरवतं. नजर कुठेतरी शून्यात लागते. हातातलं खेळणं सुटतं आणि ते शोधतही नाही. भुवयांजवळ लाली येते. जांभई येते.

दुसऱ्या टप्प्यात डोळे चोळणं, कान ओढणं, किरकिर, अंगाला चिकटणं, खाली ठेवलं की कुरकुर. अजूनही वेळ गेलेली नाही, पण आता लगेच हालचाल करायची.

तिसऱ्या टप्प्यात पाठीची कमान करणं, मुठी आवळणं, जोरजोरात रडणं. म्हणजे रडणं ही झोपेची पहिली खूण नाहीच, ती शेवटची आहे!

यात गल्लत होऊ शकते. मूठ चोखणं, तोंड उघडून स्तन शोधणं ही बहुतेक वेळा भुकेची खूण असते. कंटाळलंय की दमलंय हे कळत नसेल तर जागा बदलून बघा. कंटाळलेलं बाळ नव्या जागी रमतं, दमलेलं दोन मिनिटांत परत किरकिरतं. आणि कान ओढण्याबरोबर ताप असेल तर तो झोपेचा विषय नाही, सरळ डॉक्टरकडे जा.

घड्याळ कुठे कामाला येतं?

खुणा कधी शोधायच्या हे घड्याळ सांगतं. साधारण अंदाज असा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाळ एका वेळी पाऊण ते एक तास जागं राहतं. तीन-चार महिन्यांत सव्वा ते दोन तास. सहा-सात महिन्यांत दोन ते अडीच. नऊ-दहा महिन्यांत तीनच्या आसपास. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधीपासून फोन बाजूला ठेवायचा आणि बाळाच्या चेहऱ्याकडे बघायचं, एवढाच त्यांचा उपयोग.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ० ते ३ महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून १४ ते १७ तास झोप हवी, आणि ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मात्र वेळापत्रकाच्या मागे लागू नका. दिवस-रात्रीचं शरीरातलं घड्याळ तेव्हा जुळतच असतं.

चिनू सात महिन्यांची असताना आमचा दिवस असा बसला. सकाळी साडेसहाला उठणं. पावणेनऊ ते दहा पहिली झोप. साडेबारा ते दोन दुसरी. साडेचार ते पाच एक छोटी डुलकी. रात्री आठला निजणं. मधली झोप लवकर मोडली तर पुढची लवकर आणायची. संध्याकाळची डुलकी हुकली तर तिला साडेसहानंतर ओढूनताणून झोपवायचं नाही, रात्रीची झोपच अर्धा-पाऊण तास आधी. नऊ महिन्यांच्या आसपास ही संध्याकाळची डुलकी आपोआप सुटली. पुढे बरीच मुलं सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास एकाच झोपेवर येतात.

चाळीस मिनिटांत बाळ जागं झालं म्हणून लगेच उचलू नका. बाळांच्या झोपेचा एक फेरा साधारण पाऊण तासाचा असतो. दोन फेऱ्यांच्या मधे ते हलतं, कुरकुरतं, डोळेही उघडतं. मिनिट-दोन मिनिटं थांबा. चिनू कितीदा तरी आपली आपण परत झोपलीये.

पहिली खूण दिसली की आम्ही रोज तेच करतो: पडदा ओढायचा, लंगोट बदलायचा, खांद्यावर घेऊन थोडं थोपटायचं, मग खाली ठेवायचं. पाच-सात मिनिटांचं काम. कुकरची शिट्टी झाली तर होऊ दे.

आई साताऱ्याहून आली ती राईची उशी घेऊन. डोकं गोल व्हावं म्हणून. यावर आमची जरा बोलाचाली झाली, खोटं कशाला बोलू. पण बालरोगतज्ज्ञ सांगतात ते असं: पहिलं वर्ष बाळाला पाठीवरच झोपवायचं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, जवळ उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको. झोळीत किंवा गाडीच्या सीटवर डोळा लागला तर सपाट जागी हलवायचं. शेवटी आईच म्हणाली, "बरं बाबा, उशी राहू दे." पण चिनू झोपेला आलीये हे आजही माझ्याआधी तिलाच कळतं. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, डोळे बघ तिचे!"

आणि शेवटचं

सगळं नीट करूनही काही संध्याकाळी हुकणारच. पाहुणे येतात, लग्न असतं, लस दिलेली असते. अशा वेळी बाळ रडत राहिलं आणि तुमचं डोकं तापलं, तर त्याला पाठीवर सुरक्षित ठेवा आणि दोन-चार मिनिटं खोलीबाहेर जा. कोणाला तरी फोन करा. बाळाला रागाने हलवायचं नाही, कधीच नाही. काही सेकंदांच्या हिसक्यानेही मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आणि रडणं नेहमीसारखं वाटत नसेल, बाळ दूध घेत नसेल, जागं करूनही सुस्त पडून राहत असेल, तर झोपेचा हिशोब न मांडता डॉक्टर गाठा.

त्या संध्याकाळी गॅलरीतून परत आलो तेव्हा चिनू हुंदके देत होती. तिला उचललं, दिवा मालवला, काहीच न बोलता धरून बसलो. दहा मिनिटांत ती झोपली. मी मात्र बराच वेळ जागा होतो.

तर उद्या एक करून बघा. बाळ उठलं की वेळ मनात ठेवा, आणि त्याचं खेळणं हातातून सुटेल तेव्हा फोन खाली ठेवा. पुढच्या भागात भेटू. तोवर तुमचं बाळ झोपलं असेल तर तुम्हीही जरा पाठ टेका!