अंदाजाचे खेळ (भाषाशिक्षण)

अंदाजाचे खेळ म्हणजे एका खेळाडूने मनात धरलेली वस्तू, व्यक्ती किंवा व्यवसाय इतरांनी प्रश्न विचारून ओळखण्याचे खेळ होत. मराठीत ते ‘ओळखा पाहू’ या नावानेही परिचित आहेत. इंग्रजी ही दुसरी किंवा परकी भाषा म्हणून शिकवताना प्रश्नार्थक वाक्यांच्या सरावासाठी त्यांचा उपयोग केला जातो. वर्गात सहसा शिक्षक प्रश्न विचारतात आणि विद्यार्थी उत्तरे देतात. त्यामुळे उत्तरे येणाऱ्या विद्यार्थ्यालाही स्वतः प्रश्न तयार करणे जड जाते. या खेळांत ही भूमिका उलट होते.

== पार्श्वभूमी ==
या प्रकारातील ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ हा खेळ १९व्या शतकात अमेरिकेत लोकप्रिय झाला. त्यात जास्तीत जास्त वीस प्रश्न विचारता येतात व उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे मिळते. १९४६ मध्ये अमेरिकेत आणि १९४७ मध्ये बीबीसीवर त्याचे नभोवाणी कार्यक्रम सुरू झाले. १९५० ते १९६७ या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीवर चाललेल्या ‘व्हॉट्स माय लाइन?’ या कार्यक्रमात पाहुण्याचा व्यवसाय ओळखायचा असे. वर्गातील व्यवसाय ओळखण्याचा खेळ याच धर्तीचा आहे.

भाषाशिक्षणात या खेळांना ‘माहितीची तफावत’ या संकल्पनेचा आधार आहे. एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्याजवळ नसेल, तरच प्रश्न विचारण्याची खरी गरज निर्माण होते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ दरम्यान दक्षिण भारतातील शाळांत राबवलेल्या बंगळूर प्रकल्पात कृतींचे माहिती, तर्क आणि मत यांच्या तफावतीवर आधारित असे तीन प्रकार मानले होते.

== प्रश्नरचनेचा सराव ==
मराठीत विधानाच्या शेवटी ‘का’ जोडल्यास प्रश्न तयार होतो, शब्दक्रम बदलावा लागत नाही (‘ती शिक्षिका आहे’, ‘ती शिक्षिका आहे का?’). इंग्रजीत मात्र ‘शी इज अ टीचर’ या विधानाचा प्रश्न करताना क्रियापद कर्त्याआधी येते: ‘इज शी अ टीचर?’ मुख्य क्रियापद असलेल्या वाक्यात ‘डू’ किंवा ‘डज’ या साहाय्यक क्रियापदाची भर पडते: ‘शी वर्क्स’ याचा प्रश्न ‘डज शी वर्क?’ असा होतो. ‘डज शी वर्क्स?’ ही विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारी चूक आहे. खेळात एकच रचना नव्या आशयासह अनेकदा वापरावी लागते. त्यामुळे पाठांतराचा कंटाळा न येता ती अंगवळणी पडते.

प्रश्नांची संख्या मर्यादित असल्याने विचारपूर्वक प्रश्न निवडावा लागतो. प्रत्येक उत्तराने उरलेल्या शक्यता निम्म्या होत गेल्यास वीस प्रश्नांत २^२०, म्हणजे १०,४८,५७६ शक्यतांमधून एक निवडता येते. म्हणून ‘इज इट अ मँगो?’ असे थेट विचारण्यापूर्वी ‘कॅन यू ईट इट?’ किंवा ‘डज इट ग्रो ऑन अ ट्री?’ असे व्यापक प्रश्न अधिक उपयोगी ठरतात.

== मर्यादा ==
नियम सैल असल्यास विद्यार्थी ‘ॲनिमल?’, ‘बिग?’ असे सुटे शब्द उच्चारून उत्तर मिळवतात आणि मूळ हेतू साध्य होत नाही. त्यामुळे पूर्ण प्रश्नालाच उत्तर देण्याचा नियम केला जातो. मोठ्या वर्गात मोजकेच विद्यार्थी बोलतात. चार-पाच जणांचे गट केल्यास प्रत्येकाला संधी मिळते. प्रत्येक चूक तत्काळ सुधारल्यास खेळ खंडित होतो, म्हणून शिक्षक चुका नोंदवून खेळानंतर त्यांची चर्चा करू शकतात. ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’ यांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांचा सराव हो-नाहीच्या खेळात होत नाही. त्यासाठी ‘हो’ व ‘नाही’ ही उत्तरे वर्ज्य करून खेळाचे नियम बदलावे लागतात.