टेन्शन फक्त साहेबालाच असतं का?

‘हातावर पोट असणाऱ्याला कसलं आलंय टेन्शन? दिवसभर राबतो, रात्री पाठ टेकली की झोपतो. खरं टेन्शन साहेब लोकांना!’ शिकलेली, समंजस माणसंसुद्धा हे बोलतात तेव्हा राग येतो, कारण हे खोटं ठरून चाळीसहून जास्त वर्षं झाली.

लंडनच्या व्हाइटहॉल भागातल्या सरकारी कचेऱ्यांत १९६७ साली सुमारे १८ हजार पुरुष नोकरदारांची तपासणी सुरू झाली. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी पुढच्या साडेसात वर्षांतले मृत्यू पाहिले. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण शिपाई-निरोप्यांमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होतं. मधल्या पायऱ्यांवरही तेच दिसलं, हुद्दा जितका खाली तितका धोका जास्त. यातलं कुणी उपाशी वा बेकार नव्हतं आणि सरकारी उपचार सगळ्यांना मोफत होते.

‘खालचे लोक सिगारेटी जास्त ओढत असतील.’ ओढत होतेच. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही बरीचशी तफावत उरली. १९८५मध्ये स्त्रियांनाही घेऊन दुसरा अभ्यास सुरू झाला आणि एक मोठं कारण पुढे आलं: आपल्या कामावर आपलं किती चालतं. साहेबावर जबाबदारी असते, पण मीटिंग पुढे ढकलायची मुभाही असते. मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड कामगाराला अंग तापलं म्हणून एक दिवस पडून राहता येत नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. असा ताण महिनोन्‌महिने उतरतच नाही आणि शरीर त्याची किंमत मोजतं.

टेन्शन साहेबालाच असतं या समजाला विज्ञानाचं बळ मिळालं ते १९५८च्या माकडांवरच्या एका प्रयोगातून. जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्या केल्या. कळ दाबून विजेचा झटका टाळायचं काम जोडीतल्या एकावर सोपवलं, आणि अल्सर नेमका त्या ‘अधिकारी’ माकडाला झाला. गाजावाजा झाला, पण निवडीतच खोट होती: मुळात जी माकडं कळ भराभर दाबत, त्यांनाच अधिकारी केलं होतं. पुढे संशोधक जे वाइस यांनी उंदरांवर नीट चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून प्रयोग केले, तर निकाल उलटा आला. झटका टाळणं ज्यांच्या हातात होतं त्यांना अल्सर कमी.

‘ते इंग्लंडचं झालं’ असं म्हणणाऱ्यांनी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधला २०१९चा वीस देशांचा अभ्यास पाहावा. त्यात कमी उत्पन्नाच्या गटात धरलेल्या देशांत (भारतही त्यातच होता) हृदयविकार, पक्षाघातासारखे गंभीर आजार कमी शिकलेल्यांना उच्चशिक्षितांच्या दुपटीहून जास्त होते. इथे उपचार वेळेवर न मिळणं हेही मोठं कारण आहे.

बाकीचे समज थोडक्यात.

‘टेन्शन मानण्यावर असतं.’ कर्ज, खाडा आणि घरमालकाची नोटीस मानण्यावर नसते.

‘प्राणायाम केला की झालं.’ मन शांत व्हायला त्याची मदत होते, जरूर करावा. पण पगार तीन महिने थकला असेल तर तो मिळवून द्यायला संघटना लागते.

‘अल्सर टेन्शनमुळेच होतो.’ माणसात मुख्य कारणं दोन, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि काही वेदनाशामक गोळ्या. जंतूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं.

‘तंबाखूने टेन्शन उतरतं.’ उतरते ती आधीच्या तंबाखूची तलफ. सिगारेट सोडणाऱ्यांची अस्वस्थता पहिले काही आठवडे वाढते आणि नंतर पूर्वीपेक्षा कमी होते.