मुरगळलेला घोटा : उपचार आणि पुनर्वसन

कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल अशा मैदानी खेळांत घोटा मुरगळणे ही नेहमीची दुखापत. उडीनंतर पाय टेकताना किंवा धावता धावता दिशा बदलताना पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे चिवट पट्टे, ताणले जातात. कधी त्यांचे थोडेच तंतू तुटतात, तर कधी पट्टा पूर्ण तुटतो. सूज येते, त्वचा काळीनिळी पडते.

आधी पाहायचे ते हाड मोडले आहे का. त्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकावर किंवा खालच्या ६ सेंटिमीटरमधील मागच्या कडेवर दाबल्यास दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढतात. पावलाच्या मधल्या भागासाठीही असेच निकष आहेत. यांतले काहीच नसेल, तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी असते.

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. पुढे बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्यास उशीर लागू शकतो, असे मत त्यांनीच मांडले. बर्फाने वेदना कमी होतात. लिगामेंट लवकर जुळते, असा ठोस पुरावा नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावणे, क्रेप बँडेज बांधणे आणि पाय उशीवर ठेवणे पहिल्या दोन-तीन दिवसांत पुरेसे असते. ताज्या दुखापतीवर जोरात मालीश करणे किंवा पाय ओढून ‘बसवणे’ टाळावे.

घोटा आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला, तर सांधा आखडतो आणि पोटरी बारीक होते. दुखापत फारच तीव्र असेल, तर सुमारे दहा दिवसांचे प्लास्टर उपयोगी पडते. एरवी घोट्याला आधार देणारा ब्रेस घालून, सोसेल तितका भार देत चालणे हितकारक ठरते. जुळू लागलेल्या तंतूंना बेताबेताने ताण मिळाला, तरच ते योग्य दिशेने आणि बळकट वाढतात.

पुनर्वसनाची सुरुवात पाऊल वर-खाली करण्यापासून होते. मग रबरी पट्ट्याच्या विरोधात पाऊल बाहेर ढकलणे, टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, तेच डोळे मिटून करणे, असा क्रम असतो. लिगामेंटमधील मज्जातंतूंची टोके पाऊल कसे वळले आहे याची खबर मेंदूला देतात. दुखापतीत ही यंत्रणा बिघडते, म्हणून तोल साधण्याचा सराव महत्त्वाचा. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंच्या २००९ मधील चाचणीत निम्म्यांनी घरी आठ आठवडे असा सराव केला. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला; सराव न केलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते.

मैदानावर परतण्याचा निर्णय कॅलेंडर पाहून घ्यायचा नसतो. सूज ओसरली तरी ताकद आणि तोल मागे राहिलेले असू शकतात. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावताना पाऊल भिंतीपासून किती दूर ठेवता येते, एका पायावर किती लांब उडी मारता येते, हे दोन्ही पायांनी करून ताडून पाहतात. वेगाने वळण्याचा सराव न दुखता जमावा आणि खेळाडूला स्वतःलाही पायाचा भरवसा वाटावा. परतल्यावर काही महिने खेळताना ब्रेस किंवा टेप वापरल्यास पुन्हा मुरगळण्याचा धोका घटतो.

एवढे करूनही घोटा वारंवार दगा देत असेल, तर एमआरआय काढून लिगामेंट आणि कूर्चा तपासतात. काही महिन्यांच्या नीट केलेल्या व्यायामानेही फरक पडला नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.