शारजाचं तिकीट काढण्याआधी

नागपूरकराला समुद्राचं भारी अप्रूप. फुटाळा तलावाच्या काठाला आपण चौपाटी म्हणतो, यावरूनच काय ते समजा. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर कुठल्याही दिशेला साडेपाचशे किलोमीटरच्या आत खारं पाणी नाही. त्यामुळे आपल्याच विमानतळावरून शारजाला थेट विमान जातं म्हटल्यावर गणपतीपुळ्यापेक्षा दुबई सोपी वाटू लागते. हॉटेल, बुर्ज खलिफाचं तिकीट, डेझर्ट सफारी हे सगळं आधी ठरतं. किनारा कुठला, हे मात्र टॅक्सीत बसल्यावर ठरतं, तेही एखाद्या रीलमध्ये पाहिलेल्या जागेवरून. आखाती देशात किनारा निवडायचा तर आधी कॅलेंडर बघावं, मग नकाशा. फोटो सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने जाणाऱ्यांच्या डोक्यात काही समजुती पक्क्या बसलेल्या असतात, त्या आधी काढून टाकू.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी समजूत: “आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं काय सांगता?” उन्हाबद्दल आपल्याला एक प्रकारचा अभिमानच आहे. 2024 च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, तेव्हा घाबरण्यापेक्षा फॉरवर्ड करण्याचीच घाई जास्त होती. पुढे हवामान खात्याने सेन्सरचा दोष होता असं सांगितलं, पण तो मेसेज काही तितका फिरला नाही. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मग सुट्टी हाताशी आहे, पॅकेज स्वस्त आहे, म्हणून अनेक कुटुंबं जूनमध्येच दुबईला निघतात.

आता नागपूरच्या मे महिन्याकडे बघा. पारा 45 वर, पण दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. म्हणून तर आपला कूलर चालतो. वाळ्याच्या ताटीवर पाणी पडतं, कोरडी हवा ते शोषते, बाष्पीभवनात उष्णता खर्च होते आणि खोलीत गार झोत येतो. आपलं अंगही नेमकं याच तत्त्वावर चालतं; ताटीच्या जागी कातडी आणि पाण्याच्या जागी घाम. हाच कूलर पावसाळ्यात लावला की खोली नुसती चिकट होते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. दुबई-शारजाच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नेमकी तीच गत होते. पारा चाळिशीत असतो आणि तापलेल्या समुद्रावरून येणारी हवा वाफेने भरलेली. घाम गळतो, सुकत नाही. याच आखाताच्या काठी, सौदी अरेबियातल्या दहरानला, 8 जुलै 2003 रोजी दवबिंदू 35 अंशांवर गेला होता. माणसाच्या त्वचेचं तापमानही साधारण तेवढंच असतं, म्हणजे घाम वाळायला वावच उरला नाही. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामांना सरकारी बंदी असते. मजुराला ज्या वेळी उन्हात उभं करायला कायद्याने मनाई आहे, त्या वेळी आपण पोरांना वाळूत किल्ले करायला सोडतो.

“पाण्यात उतरलं की गार वाटेल”, हा त्यावरचा उतारा म्हणून सांगितला जातो. पण पर्शियन आखात हा उथळ समुद्र आहे. सरासरी खोली 35 मीटरच्या आसपास, बाहेरच्या समुद्राशी जोडणारं तोंड होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीचं. उथळ पाणी लवकर तापतं. ऑगस्टमध्ये दुबईच्या किनाऱ्यावर ते 33-34 अंशांपर्यंत जातं, म्हणजे बंबातून काढून बादलीत विसणलेलं पाणी. तिथली अनेक हॉटेलं उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव मुद्दाम गार करून ठेवतात, ते उगाच नाही. बाष्पीभवन जास्त म्हणून हे पाणी खारटही जास्त, लिटरला साधारण 40 ग्रॅम मीठ. मात्र त्यामुळे न पोहणारा आपोआप तरंगेल अशा भ्रमात कुणी राहू नये. ती करामत मृत समुद्राची, आणि तिथे मीठ याच्या आठपट आहे.

उन्हाळ्यातच जावं लागलं तर? दुबईने 2023 मध्ये जुमेरा आणि उम्म सुकैम भागातल्या काही किनाऱ्यांवर प्रखर दिवे लावून रात्री पोहण्याची सोय केली आहे, जीवरक्षकांसह. उकाडा रात्रीही असतोच, पण डोक्यावर ऊन तरी नाही.

उलट टोकाचा गैरसमज जानेवारीबद्दलचा. “थंडीत दुबई म्हणजे समुद्राचा सीझन.” फिरण्याचा सीझन, हे खरं. पण शारजा नागपूरच्या चार अंश उत्तरेला आहे, आणि हवेच्या मागोमाग पाणी सावकाश थंड होतं. ते सर्वात गार होतं जानेवारी-फेब्रुवारीत, 20 अंशांच्या थोडं वर. युरोपातला पाहुणा त्यात आनंदाने डुंबतो. आपण पाऊल घालून बाहेर येतो. शिवाय याच दिवसांत वायव्येकडून ‘शमाल’ वारा सुटतो, लाटा उसळतात आणि तलावासारखा शांत समजलेला समुद्र माणसाला आत ओढू शकतो. पोहण्यासाठी उत्तम दिवस म्हणजे ऑक्टोबरची अखेर, नोव्हेंबर, आणि मार्च-एप्रिल. दिवाळीची सुट्टी त्यात बरोबर बसते.

वाळूबद्दलही एक गोष्ट ऐकायला मिळते: वाळवंटातली वाळू ट्रकने आणून समुद्रात ओतली आणि पाम जुमेरा तयार झालं. तसं नाही. 2001 मध्ये सुरू झालेल्या त्या बेटासाठी वाळू समुद्राच्या तळातून उपसली. वाऱ्याने घासून गोल झालेले वाळवंटातले कण एकमेकांना धरून राहत नाहीत, भरावाला ते कुचकामी.

आता नकाशा. दुबई म्हणजेच अमिरातीचा समुद्र, असं आपण धरून चालतो. देशाला दुसरीही बाजू आहे. हजर पर्वत ओलांडला की पूर्वेला ओमानचं आखात लागतं, आणि पुढे त्याचा तळ तीन हजार मीटरच्याही खाली जातो. इथे डोंगर थेट पाण्यापर्यंत येतात. फुजैराजवळ अल अक्काला ‘स्नूपी आयलंड’ नावाचा खडक आहे. त्याच्या भोवती मुखवटा लावून डोकं बुडवलं की प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. पश्चिमेला सूर्यास्त, पूर्वेला सूर्योदय. बोगद्यांमधून जाणारा शारजा-खोर फक्कान रस्ता 2019 मध्ये खुला झाल्यापासून हे अंतर तासाभराचं राहिलं आहे. माझं मत विचाराल तर उंच इमारतींची रांग पाठीशी घेऊन फोटो काढायचा असेल तर दुबई, समुद्र बघायचा असेल तर खोर फक्कान.

फक्त लक्षात ठेवा, खोर फक्कान शारजा अमिरातीत येतं, आणि शारजात दारूला पूर्ण मनाई आहे. ‘अमिरात म्हणजे सगळं बंद’ आणि ‘दुबई म्हणजे सगळं चालतं’ हे दोन्ही समज एकाच कुटुंबात सुखाने नांदतात. वस्तुस्थिती अशी की दुबईच्या किनाऱ्यावर पोहण्याचे कपडे चालतात, त्याच वेशात मॉलमध्ये शिरणं चालत नाही. सार्वजनिक किनाऱ्यावर दारू पिणं कुठेच चालत नाही. शारजात कपड्यांचे नियम आणखी कडक. आणि परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो किंवा व्हिडिओ काढणं हा गुन्हा आहे. गोव्यात ज्या सहजतेने आपण मोबाईल फिरवतो, ती सवय इथे महागात पडेल.

शेवटची समजूत सर्वात धोक्याची. “अरबस्तानात पावसाळा नसतो, मग जुलैत समुद्राला काय धोका?” ओमानच्या दक्षिणेला सलाला आहे. कोकणावर येणारे नैऋत्य मोसमी वारेच तिथे ‘खरीफ’ घेऊन येतात. साधारण 21 जून ते 21 सप्टेंबर डोंगर हिरवे होतात, धुकं आणि रिमझिम असते, पारा पंचविशीत. आखातातली मराठी मंडळी या दिवसांत तिकडे आवर्जून जातात आणि जावंही. पण हवा गार करणारा तोच वारा समुद्राला खवळवतो. 2022 च्या जुलैत तिथल्या मुघसैल किनाऱ्यावर खडकावर उभ्या असलेल्या भारतीय पर्यटकांना लाटेने ओढून नेलं. काही जण दगावले. खरीफमध्ये सलालाला डोंगर बघा, धबधबे बघा, समुद्र कठड्याच्या अलीकडून बघा. आणि कुठल्याही किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला, तर हॉटेलचे पैसे भरलेत म्हणून पाण्यात उतरू नका.